जुन्नर दोन दिवसांत कसे पाहावे

सकाळी शिवनेरी, दुपारी लेण्याद्री आणि दिवेलागणीला परतीचा रस्ता, असा बेत आखून जुन्नरला येणाऱ्यांना दर्शन घडते; इतिहास मात्र फारसा हाती लागत नाही. त्यासाठी किमान 2 दिवस काढावेत आणि सुरुवात नाणेघाटापासून करावी, कारण जुन्नरभोवती 200 हून अधिक लेणी का कोरली गेली, याचे उत्तर त्या वाटेत आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच घाटाने देशावर चढत असे आणि त्या व्यापाराच्या आधारानेच ही लेणी उभी राहिली.

घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीसाठी होता, असे सांगितले जाते. सगळे जण त्याच्यापाशी फोटो काढतात आणि परततात. आपण मात्र नळीतून, म्हणजे घाटाच्या अरुंद खिंडीतून, थोडे खाली उतरून लेण्यात जावे. तिथल्या डाव्या-उजव्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख असून त्यात यज्ञांची आणि दान दिलेल्या गाई, घोडे व कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) मोजदाद आहे. लिपी येत नसली तरी त्यातले आकडे शोधून पाहावेत. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज वर कोरलेली नावे आणि खाली पावलांचे अवशेष एवढेच उरले आहे. बॅटरी समोरून न मारता भिंतीला जवळजवळ टेकवून धरली की झिजलेली अक्षरेही सावलीमुळे उठून दिसतात. अक्षरांत खडू किंवा पीठ भरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. पावसाळ्यात घाटावर धुके दाटते, म्हणून या कामासाठी दिवाळीनंतरचे दिवस बरे.

दुसऱ्या दिवशी शिवनेरीवर शिवजन्मस्थान पाहून झाले की गडाच्या कड्यातील बौद्ध लेण्यांकडे वळावे. इथे इरिल नावाच्या एका यवनाने (म्हणजे ग्रीकाने) पाण्याची 2 टाकी दान दिल्याचा लेख आहे आणि त्यात टाक्याला ‘पोढी’ असा शब्द येतो. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. अत्तर लावून जाऊ नये, धूर तर मुळीच करू नये. वेळ उरल्यास लेण्याद्रीआधी तुळजा लेणी गाठावीत, कारण 12 अष्टकोनी खांबांचे तिथले वर्तुळाकार चैत्यगृह (स्तूप असलेले बौद्ध प्रार्थनागृह) माझ्या मते साऱ्या तालुक्यात सर्वांत देखणे आहे आणि तिथे गर्दीही नसते.

वाटेतल्या गावांत मारुतीच्या देवळापाशी किंवा पाराला टेकवलेले कोरीव दगड दिसले, तर गाडी थांबवावी. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा दगड, खालून वर वाचायची असते: तळाशी लढाई आणि वीराचे मरण, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि शेवटी चंद्र-सूर्य. बांगड्या भरलेला, कोपरात दुमडलेला हात कोरलेला असेल, तर ती सतीशिळा समजावी. अशा दगडांना गावात अनेकदा देव मानतात, त्यामुळे हात लावण्यापूर्वी गुरवाला किंवा पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारावे. टेप लावून दगड मोजू लागलात की ‘गुप्तधन शोधताय का?’ हा प्रश्न येतोच. न चिडता आपली वही त्यांच्यापुढे उघडावी. पुष्कळदा त्यानंतरच कोणीतरी उठून शेताच्या बांधावरचा आणखी एक दगड दाखवायला घेऊन जाते.