गोल्डफिशला घरच्या घरी शिकवायचंय? असं करा

गोल्डफिश तीन सेकंदांत सगळं विसरतो असं लोक अजूनही इतक्या खात्रीने सांगतात, आणि मग त्याच भरवशावर त्याला छोट्याशा काचेच्या बाऊलमध्ये ठेवतात, त्याला कुठे काय कळतंय म्हणून. अहो, कळतं! २०२२ मध्ये इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठात गोल्डफिशला चाकं लावलेली पाण्याची टाकी चालवायला शिकवली, मासा ज्या बाजूला पोहेल तिकडे गाडी जायची, आणि ते मासे ती बरोबर खुणेपर्यंत नेऊन खाऊ मिळवायला शिकले. ऑस्ट्रेलियातल्या रेनबोफिशने तर जाळ्यातून निसटायचं भोक कुठे आहे ते ११ महिन्यांनीही लक्षात ठेवलं होतं.

आता आपल्या टँककडे येऊ. आधी मासा तब्येतीने बरा हवा, फिल्टर चालू हवा आणि जागा हवी, एका गोल्डफिशला निदान ७०-८० लिटर पाणी धरा. नवीन आणला असेल तर आठवडाभर काही करू नका, त्याला रुळू दे. काचेवर टकटक तर अजिबात नको, घरात लहान मुलं असतील तर त्यांना हे पहिलं सांगा.

मग एक पांढरी स्ट्रॉ घ्या आणि तिच्या टोकाला लाल प्लॅस्टिकचा मणी घट्ट बसवा (रंग पाण्यात सुटणारा नको). लाल अशासाठी की गोल्डफिशला रंग छान दिसतात, लालसुद्धा. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कोपऱ्यात मणी पाण्यात धरायचा आणि हात स्थिर ठेवायचा. मासा लगेच येणार नाही, थोडं लांब थांबून एका डोळ्याने बघेल, तोंड उघडझाप करेल, परत वळेल. वळू दे, मणी त्याच्या मागे मागे नेऊ नका. नुसता जवळ आला तरी तिथल्या तिथे एक दाणा टाका. दाणा लगेच पडला पाहिजे हं, उशीर झाला की मणी आणि खाऊ यांचा संबंधच त्याला लागत नाही, बहुतेकांचं इथेच बिघडतं आणि मग दोष माशाला!

पुढे फक्त तोंड लावलं तरच दाणा. ते पक्कं झालं की मणी टँकच्या दुसऱ्या टोकाला धरा, मग मधे एक रिंग धरून मणी पलीकडे न्या, रिंगमधून आला की दाणा. एका वेळी पाचेक मिनिटं पुरे. आणि हे दाणे रोजच्या खाण्यातूनच वजा करायचे, कारण गोल्डफिशला आपल्यासारखं पोट म्हणजे जठर नसतंच, त्यामुळे एकदम जास्त खाणं त्याला झेपत नाही, वरून उरलेलं खाणं सडून पाण्यात अमोनिया वाढतो तो वेगळाच. सुके दाणे आधी थोडे भिजवून घेतलेले बरे.

खरंच शिकला की नुसता तुमचा हात बघून येतोय? ते बघायला मला सगळ्यात जास्त आवडतं. लाल आणि पिवळा असे दोन मणी एकदम धरा, खाऊ फक्त लालवर, आणि डावी-उजवी बाजू दर वेळी बदला. घरातल्या दुसऱ्या कुणालातरी धरायला सांगा. तरीही लालकडेच गेला तर समजा रंग लक्षात राहिलाय. मग दोन-तीन आठवडे मणी त्याला दाखवूच नका, खाणं नेहमीसारखं चालू ठेवा, आणि नंतर एक दिवस परत धरून बघा.

एक मात्र सांभाळा, भीतीसुद्धा तो तशीच लक्षात ठेवतो. पाणी बदलताना जाळीने पळवून पळवून पकडला की पुढे पाण्यात काहीही घातलं तरी कोपऱ्यात जाऊन बसतो. त्यामुळे मोठा प्लॅस्टिकचा डबा तिरका बुडवून, मण्याने आत बोलवून पाण्यासकट उचला, आणि जाळी लाल असेल तर मणी दुसऱ्या रंगाचा घ्या.