दुसऱ्यांदा स्पर्धेला उभं राहायचं असेल तर

श्रावण लागला की आमच्या बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात फॉर्म फिरायला लागतात. गणपतीतल्या भावगीत स्पर्धा, तालुक्यातल्या गावोगावच्या भजन स्पर्धा, पुढं नवरात्रात भक्तिगीतं. मी पेटी वाजवतो. आयुष्यभर उद्यमबागेत लेथवर काम केलं आणि संध्याकाळी स्पर्धकांच्या साथीला बसलो. गाणाऱ्याच्या शेजारी बसलं की त्याचा श्वास कुठं संपतो ते परीक्षकाच्या आधी कळतं.

पहिल्यांदा येणाऱ्याला काही सांगायची गरज नसते. त्याला भीती असते, ती भीतीच त्याला सांभाळून नेते. हे लिहितोय ते वेगळ्या माणसांसाठी. आधी कधीतरी नंबर काढलेला, किंवा थोडक्यात गेलेला, मग लग्न, नोकरी, पोरंबाळं यांत गाणं मागं पडलेलं आणि आता पुन्हा फॉर्म हातात घेतलेली माणसं. यांना वाटतं, आपल्याला सगळं माहीत आहे की! तिथंच गडबड होते.

उदाहरणं मात्र नेदरलँड्सची देणार. मुलगी-जावई आइंडहोवनला असतात. त्यांच्यामुळं युरोव्हिजन बघायचा नाद लागला. मे महिन्यात अंतिम फेरी आपल्याकडं रात्री साडेबाराला सुरू होते, घरचे झोपलेले असतात, मी कानाला हेडफोन लावून बसतो. १९५६ पासून चालू आहे ही देशादेशांची स्पर्धा. आता नियम असे, की एका देशाचं एक गाणं, तीन मिनिटांच्या आत, मंचावर सहापेक्षा जास्त माणसं नाहीत आणि मुख्य गायकाचा गळा जिवंत, आधी रेकॉर्ड केलेला नाही. नेदरलँड्सनं तिथं एकदा गाऊन गेलेली माणसं बऱ्याचदा परत पाठवली आहेत, त्यामुळं परत जाण्याचे बहुतेक सगळे प्रकार त्या एका देशात बघायला मिळतात. शिवाय इथल्या गायकांची नावं घेऊन लिहिलं तर उद्यापासून खडेबाजारात मला कोण चहा पाजणार नाही.

गाणं निवडायच्या आधी एक काम करा. त्या वेळी तुमचं गाणं ऐकलेली दोन-तीन माणसं गाठा. घरची नकोत, घरची माणसं खोटं बोलतात. त्यांना विचारा, माझं काय आठवतं? तुम्ही घोटून बसवलेली तान कुणाला आठवत नाही. ‘तू डोळे मिटून म्हटलं होतंस’, ‘तुमच्याबरोबर तो टाळवाला पोरगा होता बघा’, असलं काहीतरी निघतं. ते लिहून ठेवा. तुमच्या नावावर लोकांच्या मनात जमा आहे ते तेवढंच.

वेलन नावाचा गायक आहे. २०१४ साली कोपनहेगनला तो इल्से डेलांग या गायिकेबरोबर गेला होता. दोघं एकाच माइकपुढं समोरासमोर उभी राहिली, हालचाल जवळजवळ नाही, आवाज चढवणं नाही. ऑस्ट्रियाच्या कोन्चिता वुर्स्टनं पहिला नंबर नेला, पण ही दोघं दुसरी आली. १९७५ च्या विजयानंतर नेदरलँड्सला एवढी वरची जागा मिळाली नव्हती. २०१८ ला वेलन लिस्बनला एकटा गेला. सोबत गिटार, ठसक्याचं गाणं आणि मागं अंग झटकत नाचणारी पोरं. उपांत्य फेरी पार झाली, अंतिम फेरीत सव्वीस देशांत अठरावा. माझ्या कानाला त्याचा गळा दुसऱ्या वेळी जास्त तयार वाटला. पण लोकांनी जपून ठेवली होती ती शांतता, आणि तीच त्यानं घरी ठेवली.

म्हणून गाणं नवीन घ्या आणि त्या लिहून ठेवलेल्यातली एक गोष्ट तशीच ठेवा. जुनंच गाणं घेऊन येऊ नका. परीक्षक पुष्कळदा तेच असतात, आणि त्यांच्या डोक्यात तुमचं जुनं गाणं खऱ्यापेक्षा चांगलं होऊन बसलेलं असतं. त्याच्याशी तुम्ही जिंकणार नाही.

आता नियम. फॉर्मच्या मागची बारीक अक्षरं वाचाच, कारण तुम्ही गाणं सोडलं त्या काळात स्पर्धाही बदलल्या आहेत. एड्सिलिया रॉम्बली १९९८ साली बर्मिंगहॅमला डच भाषेत गायली आणि चौथी आली. त्या वर्षी पंचवीस देश थेट एकाच रात्री गात होते. २००७ ला ती हेलसिंकीला परत गेली तेव्हा मध्ये उपांत्य फेरी आली होती. अठ्ठावीस गाणी, वर जाणार दहा, निकाल प्रेक्षकांच्या फोनवर. गाणं डचमध्ये केलेलं होतं, तिथं इंग्रजीत म्हटलं. ती वर गेली नाही. वर गेलेल्या दहांत पश्चिम युरोपातला एकही देश नव्हता. तेव्हा दोष तिच्या गळ्याचा म्हणता येत नाही, नुसत्या भाषेचाही नाही. नऊ वर्षांत मैदानच वेगळं झालं होतं.

आपल्याकडं तेच झालंय. पूर्वी आयोजकांचे पेटी-तबलेवाले असायचे. आता निम्म्या ठिकाणी ‘ट्रॅकवर गाणे अनिवार्य’ असतं, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीवर. ट्रॅक तुमच्यासाठी थांबत नाही. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकली तर तबलजी तुम्हाला हळूच उचलून घेतो, ट्रॅक सरळ पुढं निघून जातो. कुठली पद्धत आहे ते फोन करून विचारा, आणि ट्रॅक असेल तर तो कुठल्या सुरात आहे तेही. मूळ गायकाच्या सुरातला ट्रॅक आणून रडणारे मी पुष्कळ बघितलेत.

पहिली फेरी बऱ्याचदा मोबाइलवर पाठवलेल्या रेकॉर्डिंगची असते. पंखा बंद करा. मोबाइल पेटीवर ठेवू नका, भात्याचा आवाज येतो. तोंडापासून दोन हातांवर, छातीच्या उंचीला, कपड्यांचं कपाट असलेल्या खोलीत ठेवा. भांड्याकुंड्यांच्या खोलीत सूर घुमतो. ‘लाइक्स’ मोजून नंबर देणाऱ्या स्पर्धा असतील तर माझं स्पष्ट मत आहे, गाव मोठं आणि भाऊबंद भरपूर असतील तरच पडा त्यात.

सूर. हा भाग सावकाश वाचा.

मध्ये वर्षं गेली की गळा खाली उतरतो. बाईमाणसाचा सूर काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी) असेल तर पांढरी पाच करून बघा, पुरुषाचा काळी एक असेल तर पांढरी एक. अर्ध्या सुरानं कमीपणा येत नाही. तपासायचं असं: सकाळी उठल्या उठल्या नको, दहा-अकराच्या सुमाराला गाण्यातला सगळ्यात खालचा स्वर शब्दासकट म्हणा. शब्द पुटपुटल्यासारखा झाला तर सूर फार खाली घेतलाय. मग सगळ्यात वरची ओळ लागोपाठ तीनदा म्हणा. तिसऱ्या वेळी हनुवटी वर गेली तर सूर जास्त आहे. माझ्याकडं येणाऱ्यांना मी आरसा समोर धरायला लावतो, हनुवटी खोटं बोलत नाही.

आधी जोडीनं किंवा भजनी मंडळात गात होता आणि आता एकटं उभं राहायचंय, तर सूर नव्यानेच शोधा. जोडीत सूर दोघांच्या मधला असतो, कुणाचाच नसतो. मॅगी मॅकनील १९७४ ला ब्रायटनला ‘माउथ अँड मॅकनील’ या जोडीतून गायली. जोडीदाराचा आवाज जाडा, खरखरीत, तिचा मोकळा. स्वीडनचे आब्बा जिंकले त्या वर्षी ही जोडी तिसरी आली. १९८० ला हेगमध्ये ती एकटी उभी राहिली आणि पाचवी आली. आधीचं गाणं इंग्रजीत होतं, हे डचमध्ये, कारण १९७७ पासून आपापल्या देशाच्या भाषेत गायचा नियम परत लागू झाला होता. दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ ऐका. पहिल्यात ती जोडीदाराला जागा करून देते, दुसऱ्यात सगळी जागा तिची आहे आणि ती भरायचं कामही तिचंच. मंडळातून सुटून आलेला माणूस नेमका इथं अडकतो. कोरस उचलणार म्हणून तो सवयीनं ध्रुपदाच्या, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळीच्या, शेवटच्या शब्दावर थांबतो, आणि मागं कोणीच नसतं. तालमीत तो शेवटचा शब्द मुद्दाम ओढून म्हणायची सवय लावा.

भाषेचा विषय निघालाच आहे तर, आपल्या भागात मराठी गायकाला कन्नड स्पर्धेचंही बोलावणं येतं. जरूर जा. पुरंदरदासांचं पद किंवा अक्कमहादेवींचं वचन घ्या, पण आधी शेजारच्या अक्कांना गाऊन नव्हे, वाचून दाखवा. त्या जिथं हसतील तिथं खूण करा. आमच्या माणसांचा ळ चांगला असतो, फसतात ते ऱ्हस्व-दीर्घात.

वेळेचा हिशेब कागदावर करा. भजनी ठेका आठ मात्रांचा. मिनिटाला एकशेवीस मात्रांची लय धरली तर एक आवर्तन, म्हणजे ठेक्याचा एक फेरा, चार सेकंदांचं, म्हणजे तीन मिनिटांत पंचेचाळीस आवर्तनं. स्पर्धा पाच मिनिटांची असेल तर पंचाहत्तर. सुरुवातीच्या आलापाला पाच आवर्तनांएवढा वेळ, ध्रुपद, दोन चरण, शेवटी लय वाढवायची असेल तर तिची आवर्तनं वेगळी मोजा. आणि वर पाच आवर्तनं शिल्लक ठेवा, कारण मंचावर सगळेच पहिला आलाप लांबवतात. परत आलेले तर हमखास, त्यांना लोकांना दाखवायचं असतं की गळा अजून आहे. बेल वाजल्यावर घाईनं उरकलेला शेवटचा चरण साथीला बसलेल्यालासुद्धा लाज आणतो.

नाव कुठलं लावणार तेही ठरवा. बायकांच्या बाबतीत हे महत्त्वाचं. माहेरच्या नावानं नंबर आलेला, आता फॉर्मवर सासरचं, निवेदकानं नाव पुकारलं तर जुन्या श्रोत्यांना पत्ताच लागत नाही. सांड्रा रेमर तीनदा गेली. १९७२ ला एडिनबरोला ‘सांड्रा अँड आंद्रेस’ म्हणून, चौथी. १९७६ ला हेगमध्ये सांड्रा रेमर म्हणून, नववी. १९७९ ला जेरुसलेमला ‘झांड्रा’ म्हणून, बारावी. नंबर नावामुळं उतरला असं कोण म्हणणार नाही, पण दर वेळी तिला ओळख पहिल्यापासून करून द्यावी लागली असणार. दोन्ही आडनावं लावा. फॉर्म कन्नडमध्ये असेल तर नाव कन्नड अक्षरांत कुणाकडून तरी नीट लिहून घ्या, नाहीतर निवेदक काय पुकारेल याचा नेम नाही.

साथीदारांबद्दल थोडंच. निदान दोन तालमी त्यांच्याबरोबर झाल्या पाहिजेत, आणि मानधन आधी ठरवा. नंतर सगळ्यांनाच अवघड होतं.

राहिले ते पहिला नंबर काढलेले. तुमच्यासाठी नेदरलँड्सचीच गायिका कॉरी ब्रोकन. १९५६ ला लुगानोला ती पहिल्याच युरोव्हिजनमध्ये गायली. तेव्हा फक्त विजेता जाहीर केला, बाकीच्यांचे नंबर सांगितलेच नाहीत. म्हणजे ती परत आली तेव्हा तिच्या पाठीवर कुठला आकडा नव्हता. १९५७ च्या मार्चमध्ये फ्रँकफर्टला ती एकतीस गुण घेऊन पहिली आली, दुसऱ्या नंबरच्या फ्रान्सला सतरा. पुढच्याच मार्चमध्ये स्पर्धा तिच्या देशात, हिल्वरसमला. तीच गायिका, घरचे लोक, आणि मिळाला एक गुण. दहा देशांत शेवटची जागा, लक्झेंबर्गबरोबर वाटून. पहिला आणि शेवटचा, दोन्ही नंबर घेतलेलं दुसरं कोण त्या स्पर्धेत नाही.

माझा सल्ला ऐकाल तर जिंकल्यावर पुढची दोन वर्षं त्या स्पर्धेचा फॉर्म भरू नका. दुसऱ्या गावची भरा. आयोजक आग्रह करतात, ‘गेल्या वर्षीचे विजेते’ असं बॅनरवर लावायला त्यांना बरं असतं. बॅनर त्यांचा, एक गुण तुमचा.

त्यातूनही त्याच मंचावर जायची ओढ असेल तर स्पर्धकाशिवाय दुसरा रस्ता आहे. ब्रोकनबाई पुढं कायदा शिकल्या, वकील झाल्या, न्यायाधीश झाल्या. आणि मधेच १९७६ ला हेगमध्ये त्याच स्पर्धेचं निवेदन करायला उभ्या राहिल्या. सांड्रा रेमर नववी आली ती त्याच रात्री. २००७ ला उपांत्य फेरीतून परतलेली रॉम्बली २०२१ ला रॉटरडॅमच्या स्पर्धेत निवेदिकांपैकी एक होती. आपल्याकडं मराठी आणि कन्नड दोन्ही स्वच्छ बोलणारा, शिवाय गाणं कळणारा निवेदक आयोजकांना कधीच वेळेवर मिळत नाही. गणपतीच्या महिनाभर आधी स्वतःहून फोन करा. चतुर्थीच्या आठवड्यात केलात तर तोवर त्यांनी कुणाच्या तरी भाच्याला सांगून ठेवलेलं असतं.