डिझेल गाडी तीन लाख किलोमीटरच्या पुढे नेताना

2007 च्या सुरुवातीला मारुतीने स्विफ्टमध्ये 1,248 सीसीचे डिझेल इंजिन आणले. मूळ फियाटचे हे मल्टिजेट इंजिन पुढे टाटा आणि फियाटच्याही अनेक गाड्यांत बसले. 2020 च्या एप्रिलमध्ये गाड्यांच्या धुराबाबतचे बीएस-6 नियम लागू झाले, तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बनवणे थांबवले. या जातीची नवी मारुती आता मिळत नाही, आणि ज्यांच्या दारात ती उभी आहे त्यांना आहे तीच गाडी चालवत न्यायची आहे. याच इंजिनाची माझी 2011 सालची मारुती डिझायर आज 3,60,000 किलोमीटरवर आहे आणि तिचे इंजिनकाम अजून निघालेले नाही. तिच्या अनुभवावरून मी जे लिहीत आहे, त्यातले बहुतेक कोणत्याही कॉमन रेल (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना प्रचंड दाबाने डिझेल पुरवणाऱ्या) गाडीला लागू पडते. हे इंजिन सहसा धावल्यामुळे झिजून मरत नाही. घाण तेल, डिझेलमधले पाणी आणि उष्णता या तिघांपैकी कोणीतरी त्याचा जीव घेते.

सर्वांत आधी इंजिन ऑइल. या इंजिनात जेमतेम 3 लिटरच्या आसपास तेल बसते आणि तेवढ्याच तेलावर मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेऊ शकणारा टर्बोही (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) चालतो. शिवाय यात टायमिंग बेल्ट नसून चेन आहे. चेन असल्यामुळे ती कधी बदलावीच लागत नाही, असा समज गॅरेजपासून पार्किंगपर्यंत सगळीकडे पसरलेला आहे आणि त्यानेच कित्येक इंजिने खाल्ली आहेत. चेनला ताण देणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर काम करतो. तेल जुने होऊन त्याचा गाळ झाला की दाब उशिरा पोहोचतो, चेन सैल पडून झिजते आणि एके दिवशी दात सोडते. मग व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. सकाळी गाडी चालू करताच दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येत असेल, तर चेन किट त्याच आठवड्यात तपासून घ्यावे.

कंपनी 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष सांगते. मी 7,500 ला तेल बदलतो, आणि ज्यांची गाडी शहरातच, दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांवर चालते त्यांनी सहा महिन्यांची मर्यादा पाळावी असे माझे स्पष्ट मत आहे. कारण इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होत राहिले की न जळलेले डिझेल आणि ओल तेलात उतरते. मॅन्युअलमध्ये दिलेलाच ग्रेड वापरावा आणि ऑइल फिल्टर प्रत्येक वेळी नवा घालावा. नवे तेल दोनशे किलोमीटरमध्ये काळे पडले म्हणून घाबरू नये, डिझेलमध्ये ते होतेच. घाबरण्यासारखी गोष्ट म्हणजे डिपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसणे. तेल स्वतःहून वाढत नाही. त्यात डिझेल किंवा कूलंट मिसळत असते. डिपस्टिक दर रविवारी, सपाट जागी, गाडी थंड असताना पाहावी. एवढ्या लहान सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, अर्धा लिटर तेल कमी होणेही मोठी गोष्ट आहे.

दुसरा शत्रू पाणी. कॉमन रेलमध्ये डिझेल 1,400 ते 1,600 बार दाबाने इंजेक्टरमधून जाते. तुलनेसाठी, टायरमधली हवा सव्वादोन बारच्या आसपास असते. इंजेक्टरची छिद्रे केसासारखी बारीक असतात आणि पंपाला वंगण म्हणून डिझेलशिवाय दुसरे काही मिळत नाही. पाण्याला वंगणाचा गुण नाही, उलट त्याने गंज चढतो. एका पावसाळ्यात महामार्गावरच्या एका पंपावर टाकी भरल्यानंतर चाळीसेक किलोमीटरमध्ये माझ्या गाडीचे पिकअप गेले आणि ती मिसिंग करू लागली. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून बाटलीत काढले, तर खाली दोन बोटे पाणी आणि वर डिझेल असे स्पष्ट थर दिसले. टाकी पूर्ण रिकामी करून साफ केली आणि फिल्टर बदलला, म्हणून इंजेक्टर वाचले; तसेच रेटत घरी आणली असती तर चारही गेले असते.

तेव्हापासून मी दर सर्व्हिसला फिल्टरमधले पाणी काढून घेतो आणि डिझेल फिल्टर 20,000 किलोमीटरला बदलतो. फिल्टर मूळ कंपनीचाच असावा, येथे शेदोनशे रुपये वाचवण्यात अर्थ नाही. पंपावर टँकर उतरत असेल तर पुढच्या पंपावर जावे, कारण त्या वेळी तळाचा गाळ ढवळला जातो. टाकी रिझर्व्हला लागेपर्यंत थांबू नये. डॅशबोर्डवर फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन पाणी काढल्याखेरीज पुढे जाऊ नये.

हवेबद्दल थोडक्यात सांगतो. एअर फिल्टर काढून झटकून परत बसवणे धुळीच्या रस्त्यावर महागात पडते. तो बदलावा, आणि बसवताना पेटीची क्लिप नीट लागली की नाही ते स्वतः पाहावे, कारण फटीतून गेलेली बारीक धूळ पिस्टन रिंग घासून टाकते. अचानक काळा धूर येऊन पिकअप गेले, तर इंजेक्टरला दोष देण्याआधी टर्बोचे होज फाटले आहे का ते बघावे. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. इंजिन गरम झाल्यावरही येत राहणारा पांढरा धूर आणि सोबत कमी होणारे कूलंट म्हणजे बहुधा हेड गॅस्केट, अर्थात इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि ब्लॉक यांच्यामधले सील, गेलेले.

उष्णतेचा विषय मात्र थोडक्यात संपणारा नाही. आपल्याकडे बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची सवय फार जुनी आहे. मराठवाड्यातल्या जड पाण्याने घरच्या गिझरमध्ये जो क्षार साचतो, तोच इंजिनाच्या आतल्या वाटांमध्ये साचतो आणि आतून गंजही धरतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे, आणि तेही मुदतीत बदललेले, एवढेच रेडिएटरमध्ये जावे. होज, रेडिएटरचे झाकण, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप ही स्वस्त माणसे महागड्या हेडचे रक्षण करतात. दीड लाखानंतर सगळे होज मी एकदम बदलले, फुटण्याची वाट पाहिली नाही. घाटात तापमान वाढू लागले तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण चालू करावा आणि जागा मिळताच थांबावे. काटा लालमध्ये गेला किंवा कूलंट बाहेर आले, तर इंजिन तत्काळ बंद करावे आणि अर्धा तास झाकणाला हात लावू नये. ‘एवढा घाट चढून घेऊ’ या एका वाक्यामुळे अॅल्युमिनियमचे हेड वाकते.

चालवण्याची पद्धत हीसुद्धा देखभालच आहे. सकाळी अर्धा मिनिट थांबून निघावे आणि पहिले पाच किलोमीटर रेस न वाढवता जावे. या इंजिनाचा टर्बो इंजिनाच्या मिनिटाला 2,000 फेऱ्यांच्या आसपास जागा होतो; त्याखाली वरच्या गिअरमध्ये गाडी ओढत नेल्यास अॅव्हरेज वाढत नाही, मात्र माउंटिंग आणि क्लच यांच्यावर हातोडे बसतात. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नये, हँडब्रेक लावावा. घाट चढून किंवा सुसाट आल्यावर इंजिन मिनिटभर आयडलवर ठेवूनच बंद करावे, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधले तेल जळून कोळसा होत नाही.

बीएस-6 डिझेल गाड्यांना डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो आणि त्यातली काजळी जाळण्यासाठी इंजिनाला सलग धाव लागते. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटे मोकळ्या रस्त्यावर 2,000 च्या वर फेरे ठेवून गाडी चालवावी, आणि कमी राख सोडणारे, मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच तेल घालावे. ज्यांचे रोजचे अंतर तीन-चार किलोमीटर आहे, त्यांनी डिझेल घेऊच नये.

एक वही गाडीत ठेवावी. तारीख, किलोमीटर, बदललेला भाग आणि टाकी फुल ते टाकी फुल काढलेला अॅव्हरेज, एवढी नोंद पुरते. माझा अॅव्हरेज 20 वरून 17 वर आल्याचे वहीत दिसले तेव्हा गाडी चालवताना काहीच जाणवत नव्हते. एक ब्रेक कॅलिपर अडकून चाक तापत होते. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलणे हेही वहीमुळेच लक्षात राहते.

ग्रीसमधल्या एका टॅक्सीचालकाने 1976 सालची मर्सिडीज 240 डी 46 लाख किलोमीटर चालवली आणि 2004 मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयात गेली. त्याने त्यासाठी इंजिने आलटून पालटून वापरली होती. इंजिन पुन्हा बांधता येते, सांगाडा तसा बांधता येत नाही, म्हणून कोकणात किंवा गोव्यात गाडी ठेवणाऱ्यांनी गंजाकडे इंजिनापेक्षा अधिक लक्ष द्यावे. पावसाळा संपताच खालून प्रेशरने धुऊन घ्यावे, दारांच्या तळाची पाणी जाणारी छिद्रे काडीने मोकळी करावीत आणि सोललेल्या जागी कोटिंग लावावे. पंधरा वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत गाडी दाखवावी लागते आणि महाराष्ट्रात हरित करही भरावा लागतो. तेव्हा कुजलेल्या पत्र्याची गाडी नेण्यात अर्थ नसतो.

तीन लाखांनंतर धूर किंवा अशक्तपणा दिसला, तर बरेच मेकॅनिक थेट इंजिन उघडण्याचा सल्ला देतात. त्याआधी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून आणि इंजेक्टरची रिटर्न चाचणी करून घ्यावी. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असतील आणि एकच इंजेक्टर जास्त डिझेल परत पाठवत असेल, तर तेवढाच दुरुस्त करून घ्यावा आणि इंजिनाला हात लावू देऊ नये.