इंग्रजी क्रियापद लिंकिंग, ट्रान्झिटिव्ह की इनट्रान्झिटिव्ह, हे ओळखायचे कसे?

सकर्मक-अकर्मक ओळखायची शाळेतली युक्ती सगळ्यांना पाठ असते. क्रियापदाला ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ विचारायचे, उत्तर मिळाले तर सकर्मक, नाही तर अकर्मक. इंग्रजीतही ती चालते, पण सुरुवातच तिने केली तर फसगत होते. ‘ही बिकेम अ डॉक्टर’ हे वाक्य घ्या. काय झाला? डॉक्टर. उत्तर तर मिळाले, पण डॉक्टर आणि ‘ही’ हा एकच माणूस आहे. क्रिया दुसऱ्या कोणावर घडलेलीच नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी लिंकिंग (कर्त्याला त्याच्याच वर्णनाशी किंवा ओळखीशी जोडणारे) आहे का ते पाहा, मग ट्रान्झिटिव्ह (सकर्मक), उरेल ते इनट्रान्झिटिव्ह (अकर्मक).

पायरी १: मुख्य क्रियापद सुटे करा

‘द मिल्क हॅज बीन स्मेलिंग बॅड’ यातले ‘हॅज बीन’ साहाय्यक आहे. तपासायचे ते ‘स्मेल’. वाक्य पॅसिव्हमध्ये असेल तर आधी ॲक्टिव्ह करून घ्या.

पायरी २: त्या जागी ‘इज’ किंवा ‘वॉज’ घालून पाहा

‘द मिल्क स्मेल्स सावर’ बदलून ‘द मिल्क इज सावर’ केले तरी अर्थ फारसा हलत नाही, म्हणजे ‘स्मेल्स’ लिंकिंग. आता ‘शी स्मेल्ड द मिल्क’ घ्या. बदलले की ‘शी वॉज द मिल्क’, म्हणजे बाईच दूध झाली! इथले ‘स्मेल्ड’ लिंकिंग नाही.

या चाचणीत एक खाच आहे. ‘शी स्लेप्ट इन द हॉल’चे ‘शी वॉज इन द हॉल’ केले तर वाक्य निर्धोक वाटते, पण ‘स्लेप्ट’ लिंकिंग नव्हे. क्रियापदानंतर कर्त्याचे वर्णन करणारे विशेषण किंवा कर्त्याचीच दुसरी ओळख सांगणारे नाम हवे. स्थळ आणि वेळ यांत धरायची नाही. मराठी व्याकरणात ‘राम राजा झाला’मधल्या ‘राजा’ला विधानपूरक म्हणतात, तेच हे काम. (‘शी इज इन द किचन’मधल्या ‘इज’बाबत मात्र व्याकरणकारांत मतभेद आहेत. परीक्षेला आपल्या पुस्तकाची बाजू धरावी.)

‘बी’ आणि ‘सीम’ बहुतेक वेळा याच गटात. ‘लुक’, ‘फील’, ‘टेस्ट’, ‘साउंड’, ‘ग्रो’, ‘टर्न’, ‘गेट’ मात्र वाक्य पाहून ठरवायची. लिंकिंग ओळखता आले की ‘द केक टेस्ट्स वेल’ ही चूकही टळते. वर्णन केकचे आहे, चाखण्याच्या क्रियेचे नाही, म्हणून क्रियाविशेषण नको, विशेषण हवे: ‘टेस्ट्स गुड’.

पायरी ३: आता ‘काय? कोणाला?’ विचारा

‘किती?’ आणि ‘कुठे?’ची उत्तरे कर्म म्हणून धरू नका. ‘ही स्लेप्ट एट अवर्स’मध्ये आठ तास हे कर्म नव्हे. शंका आली तर पॅसिव्ह करून पाहा. ‘रवी ब्रोक द ग्लास’चे ‘द ग्लास वॉज ब्रोकन’ होते, म्हणजे ट्रान्झिटिव्ह. ‘हॅव’सारखी थोडी क्रियापदे मात्र कर्म असूनही पॅसिव्ह होत नाहीत, तेवढ्यावरून त्यांना अकर्मक ठरवू नका.

पायरी ४: उत्तरच नाही? इनट्रान्झिटिव्ह

‘द बेबी क्राइड’, ‘द ट्रेन अराइव्ह्ड’. इथे थांबा.

आता शिक्का शब्दावर मारायचा नसतो, वाक्यातल्या वापरावर मारायचा असतो. ‘ग्रो’ एकटाच तिन्ही भूमिका करतो: ‘फार्मर्स ग्रो शुगरकेन’ ट्रान्झिटिव्ह, ‘शुगरकेन ग्रोज फास्ट’ इनट्रान्झिटिव्ह, ‘द बॉय ग्र्यू टायर्ड’ लिंकिंग. मराठीत ग्लास फुटतो आणि आपण तो फोडतो. क्रियापदाचे रूपच बदलते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘ब्रोक’. उलट ‘राइज’ (वर जाणे) आणि ‘रेझ’ (वर उचलणे), ‘लाय’ (आडवे होणे) आणि ‘ले’ (ठेवणे) अशा मोजक्या जोड्यांत इंग्रजीही रूप बदलते. त्यातही ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’च होतो, त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असणारेही इथे अडखळतात.

मराठीचा आधार कुठवर घ्यायचा

भूतकाळातला ‘ने’ चांगला इशारा देतो. ‘त्याने आंबा खाल्ला’ सकर्मक, ‘तो झोपला’ अकर्मक. पण ‘तो पाणी प्याला’, ‘ती धडा शिकली’ यांत कर्म असून ‘ने’ नाही, म्हणून निव्वळ ‘ने’वर विसंबू नये.

खरा घोळ होतो तो मराठी प्रत्यय इंग्रजीत नेल्याने. आपण विषया‘वर’ चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ लिहितो. कोणा‘शी’ लग्न करतो, म्हणून ‘मॅरीड विथ हिम’. स्टेशन‘वर’ पोचतो, म्हणून ‘रीच्ड ॲट द स्टेशन’. ही तिन्ही क्रियापदे या अर्थाने ट्रान्झिटिव्ह आहेत, त्यांना थेट कर्म लागते: ‘डिस्कस द मॅटर’, ‘मॅरीड हिम’, ‘रीच्ड द स्टेशन’. ‘लिसन’चे उलटे. आपण गाणे थेट ऐकतो, इंग्रजीत मात्र ‘लिसन टु द साँग’, कारण ‘लिसन’ इनट्रान्झिटिव्ह आहे आणि ‘टु’शिवाय गाण्यापर्यंत पोचत नाही. ‘वेट’ही तसेच: बसची वाट पाहायची तर ‘वेट फॉर द बस’.