गणपतीत पडवीत बसून भेटकार्डं करा, अडलेल्या घराला हात द्या

गणपतीत कोकणातली घरं भरलेली असतात. मुंबईहून चाकरमानी आलेले, पोरं मोकळी, बाहेर पाऊस. अशा एका दुपारी पडवीत बसून दिवाळीची भेटकार्डं करायची, ती चाकरमान्यांबरोबर मुंबईला विकायला पाठवायची आणि आलेले पैसे वाडीतल्या अडलेल्या घराला द्यायचे. दुपार गौरी यायच्या आधीची धरा. गौरीजेवणाच्या गडबडीत बायकांना उसंत नसते.

कागद आणण्याआधी त्या घराशी बोला. एकानेच जावं, गाजावाजा न करता. डायलिसिसला जायचं गाडीभाडं हवं, पोरीची फी हवी की छपराची कौलं, ते त्यांनाच सांगू द्या. कार्डावर नाव नको, फोटो तर नकोच. विकताना ‘वाडीतल्या एका घरासाठी’ एवढं पुरे. यात तडजोड करू नका. त्या माणसांना उद्याही त्याच पाखाडीवरून ताठ मानेने ये-जा करायची आहे.

तालुक्याच्या छापखान्यात लग्नपत्रिकांचा उरलेला जाड कागद बऱ्याचदा स्वस्तात मिळतो. साधारण 250 जीएसएमचा घ्या. ए-4 कागद मधोमध कापला की दोन तुकडे होतात आणि प्रत्येकाची घडी घातली की 105 बाय 148 मिलिमीटरचं कार्ड तयार. 25 कागदांत 50 कार्डं. घडीसाठी तिथेच क्रीझ मारून घ्या. नाहीतर पट्टी धरून संपलेल्या रिफिलने रेघ ओढा, घडी फाटत नाही. पाकिटं कार्डाच्या मापाने त्याच वेळी घ्या.

पावसात कागद सर्दतो, म्हणून बसेपर्यंत तो प्लॅस्टिकमध्ये बंद ठेवा. पातळ डिंकाने कार्ड वाकडं होतं. ग्लू स्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बरी.

नक्षीसाठी गडग्यावर उगवलेला नेचा तोडून आणा. पान पुसून कोरडं करा. शिरा उठून दिसतात त्या मागच्या बाजूला पोस्टर कलर स्पंजने टिपा. रंग दाट हवा, पाणी जवळजवळ नको. रंगाची बाजू कार्डावर ठेवा, वर वर्तमानपत्राचा तुकडा, आणि देठाकडून टोकाकडे तळहाताने दाबत जा. पान हलू देऊ नका. मग देठाला धरून अलगद उचला: शीर न् शीर उमटलेली असते. चार-पाच वर्षांच्या पोरांनाही हे जमतं, आणि मला तरी छापील फुलांपेक्षा हेच देखणं वाटतं. ज्यांचा हात चांगला आहे त्यांनी सावंतवाडीच्या गंजिफेसारखा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांसारखा, गोल आखून त्यात मत्स्य, कूर्म रंगवावेत. दशावतारी गंजिफेची पानं 120, तेव्हा नमुन्यांची वानवा नाही.

कार्डं पंख्याखाली सुकवा. पूर्ण सुकल्यावर रात्रभर पाटाखाली दाबून ठेवा आणि मगच पाकिटात घाला. आत फक्त ‘शुभ दीपावली’ लिहा, बाकीची जागा घेणाऱ्याला सोडा.

कोणी किती कार्डं नेली ते वहीत लिहून घ्या. किंमत सगळीकडे एकच ठेवा. पैसे एकाच्याच खात्यात जमा होऊ द्या, पण हिशेब दोघांनी तपासावा. त्या घराची हरकत नसेल तर औषधांचं बिल किंवा फी परस्पर भरा. उरलेली कार्डं जवळच्या वृद्धाश्रमात द्या, आधी फोन करून, आणि प्रत्येकात चार ओळी हाताने लिहून.