लेन्स बदलण्याआधी या चुका टाळा

तुळशीचं लग्न लागलं की आमचा लग्नांचा हंगाम सुरू होतो, आणि नव्याने कामाला लागलेल्या मुलांचे फोनही. "दादा, फोटो शार्प येत नाहीत, कुठली लेन्स घेऊ?" फोटो मागवून बघितले की बहुतेक वेळा लेन्स बिचारी निर्दोष असते. चूक उजेडात असते, नाहीतर तपासण्याच्या पद्धतीत. हप्त्यावर महागडी लेन्स घ्यायची आणि फोटो तसेच, हे बघून जीव तुटतो. म्हणून सविस्तर लिहितोय.

दुकानात उभ्या उभ्या लेन्स पास करणं

जुनी लेन्स घेताना काउंटरवरून रस्त्याचा एक फोटो काढायचा, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मोठा करून बघायचा आणि पैसे द्यायचे, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. विकणाऱ्याकडे अर्धा तास मागा. वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं अख्खं पान भिंतीवर सपाट चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, पानाच्या अगदी समोर. तो तिरका नाही ना, हे कळायला पानाच्या मधोमध छोटा आरसा भिंतीला टेकवून धरा. आरशात लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर दिसलं की कॅमेरा सरळ. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर. मग तीन फोटो: लेन्सचं सगळ्यांत मोठं ॲपर्चर (उजेड आत येण्याचं भोक), एफ ४ आणि एफ ८. एफचा आकडा मोठा, तितकं भोक लहान.

हे लॅपटॉपवर पूर्ण आकारात बघा, आणि मध्यभाग नव्हे, चारही कोपरे. मोठ्या ॲपर्चरला चारही कोपरे सारखेच मऊ, म्हणजे किंचित अस्पष्ट असतील आणि एफ ८ ला सुधारत असतील, तर घाबरू नका. पण एकच कोपरा धूसर आणि बाकी तीन कोपऱ्यांतली अक्षरं स्वच्छ, असं असेल तर आतली काच जागची हललेली असते. ती लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. एफ २२ वर मात्र चाचणी घेऊ नका, तिथे विवर्तनामुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेड पसरल्यामुळे, चांगली लेन्सही मऊच दिसते.

डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) आणखी एक गोष्ट: लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, फोटो शार्प आणि व्ह्यूफाइंडरमधून घेतला की धूसर, तर काच ठीक आहे, फोकस पुढे-मागे बसतोय. कॅमेऱ्यात सूक्ष्म फोकस दुरुस्तीची सोय असेल तर ते तिथेच सुधारतं.

शेवटी ॲपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारा. धुळीचे दोन-चार कण चालतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे चालत नाहीत. ती बुरशी. कोकणात पावसाळा काढलेल्या लेन्सबद्दल तर हे बघितल्याशिवाय बोलणीच करू नयेत.

एलईडीच्या खोक्यावरचे आकडेच बघणं

खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९५ लिहिलेलं असतं आणि आपण खूश होतो. पण तो आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी आहे. गडद लाल हा नववा नमुना, आर ९, त्यात धरलेलाच नसतो. आणि आपल्या लग्नात लाल किती! कुंकू, शालू, मेंदी रंगलेला तळवा. म्हणून दिवा घ्यायला जाताना मी कुंकवाची डबी बरोबर नेतो. मनगटावर एक बोट ओढायचं, आधी खिडकीच्या उजेडात फोटो, मग फक्त त्या दिव्यात. दोन्ही वेळा त्याच राखाडी कार्डावरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंगांची जुळणी. दिव्याखाली कुंकू विटकरी दिसलं आणि त्वचेतला तजेला गेला, तर तो दिवा नको. नंतर संगणकावर लाल वाढवायला गेलात की चेहरेही लाल होतात.

लुकलुक न तपासणं

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून मंगल कार्यालयातले साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटरचा वेग १/२५० सेकंद ठेवला की आडवे पट्टे येतात, आणि त्याचं खापर फुटतं लेन्सवर. १/५० किंवा १/१०० वर पट्टे बहुधा जातात. स्वतःचा एलईडी घेताना फक्त त्याच्याच उजेडात १/१००० वर सलग दहा फोटो काढा. उजेड वर-खाली दिसला तर परत करा. सायलेंट (बिनआवाजी, इलेक्ट्रॉनिक) शटरवर हे जास्तच उघडं पडतं.

दिवा चुकीच्या अंतरावर

६० सेंमीचा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी दिव्यावरची कापडी पेटी) तीन मीटरवर ठेवला की सावल्या कडकच पडणार, एकट्या नवरीसाठी तो तिच्यापासून मीटरभर अंतरावर आणा. ग्रुप फोटोला मात्र उलट. दिवा पहिल्या रांगेपासून दीड मीटरवर आणि मागची रांग दिव्यापासून तीन मीटरवर असेल, तर मागे पावच उजेड पोचतो. तोच दिवा पहिल्या रांगेपासून चार मीटरवर न्या, मागे निम्म्याहून थोडा जास्त पोचतो, आणि आजी-आजोबांच्या मागे उभे असलेले मामा अंधारात जात नाहीत.

समईच्या ज्योतीची हिरवट प्रतिमा फोटोत दुसरीकडेच तरंगताना दिसली, तर लेन्सच्या पुढे लावलेली यूव्ही फिल्टरची काच काढून बघा. लेन्स बदलायची अजून वेळ आलेली नाही. एवढं करूनही शंका उरली, तर मला नवरा-नवरीचे फोटो नका पाठवू. वर्तमानपत्राच्या पानाचे ते तीन फोटो पाठवा, न कापता, मूळ आकारात.