चकमकीच्या बंदुकीची दारू कोरडी ठेवा

पेनसिल्व्हेनियात नाताळानंतर व्हाइटटेल हरणाच्या शिकारीचा एक खास हंगाम असतो, त्यात फक्त चकमकीची ठासणीची बंदूक चालते. थंडी कडाक्याची, कधी बर्फ, कधी पाऊस. दगा देते ती ओल. म्हणून कानातली (नळीच्या बाजूच्या, ठिणगी पडते त्या छोट्या वाटीतली) दारू दिवसातून दोन-तीनदा तरी झटकून, कान कोरड्या फडक्यानं पुसून नवी घाला. अगदी थोडीच, कारण कानातून नळीत आग जाते त्या भोकावर ढीग झाला की बार उशिरा उडतो.

संध्याकाळी गारठलेली बंदूक उबदार खोलीत नेऊ नका, नळीत दव धरतं. कान रिकामा करून ती थंड जागीच, कुलपात ठेवा. आणि गजावर (बार ठासायच्या दांड्यावर) भरलेल्या बाराची खूण करून ठेवाच, म्हणजे गोळी तळापर्यंत गेली का ते कळतं: ती दारूवर टेकली नसेल, तर नळी फुटू शकते.